नऊ घासांची वेळ

जुकब्योन बंदरात इंग्रजी येणारा माणूस शोधावा लागेल, पण म्योंगजाबाईंकडे इंग्रजी शिकला नाही असा माणूस त्याहून दुर्मीळ. मासळीच्या लिलावात बोली पुकारणारा दलाल, पोस्टातला कारकून, चौकीवरचा जाडा हवालदार, सगळे कधी ना कधी बाईंच्या पुढच्या खोलीत बुटक्या मेजांपुढे मांडी घालून बसलेले. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात आता काही उरलेलं नाही. पण भिंतीवरचं कॅलेंडर मात्र कुणी विसरलेलं नाही.

कॅलेंडर मच्छीमार सोसायटीचं. वर मोठे आकडे, खाली बारीक अक्षरात चांद्र तिथ्या, कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा. इंग्रजीत होऊन गेलेली गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा आहेत, साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ, आणि कोरियन पोराला हे दुखणं जन्माचं. घरी तो दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदाने उरकतो. पुस्तकात पूर्ण वर्तमानकाळाचे चार प्रकार दिलेले असतात. पोरं ते चारही पोपटासारखे म्हणतात आणि परीक्षेत चारही ठिकाणी चुकतात. बाई पुस्तक मिटायला लावत आणि पोराला उठवून कॅलेंडरपाशी नेत.

"बोल. काय सांगायचंय तुला?"

"मी माकूळ खाल्लं."

"कधी?"

"काल."

"ठेव 'काल'वर बोट. ठेवता आलं? मग साधा भूतकाळ. आता सांग, जन्मात कधी देवमासा पाहिलायस?"

"एकदा पाहिलाय."

"कुठल्या दिवशी? ठेव बोट."

पोरगा कॅलेंडरवरून बोट फिरवी, मग ते तसंच हवेत धरून उभा राही.

"हवेत राहिलं ना? मग पूर्ण वर्तमानकाळ. हॅव लाव आणि खाली बस."

एवढंच. याच्या बाहेरचं व्याकरण बाईंनी फारसं शिकवलं नाही आणि मुलं तरीही पास झाली. पुढे गावात तो बोलण्यातलाच भाग होऊन बसला. नवरा म्हणाला, "मागे कधीतरी तुला इचॉन दाखवायला नेतो म्हणालो होतो ना?" की बायको फणकाऱ्याने म्हणायची, "बोट ठेव!"

बाई एकसष्ट वर्षांच्या. सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या, पण संध्याकाळची शिकवणी लग्नाच्या वर्षापासूनची. घरात दुसरं माणूस म्हणजे सासू. ती हुपो गावची, म्हणून सगळ्या आळीची ती हुपोकरीण. तिचं खरं नाव बहुधा तिच्या ओळखपत्रालाच ठाऊक असेल. वय एक्क्याण्णव. डोळे गेलेले, जीभ शाबूत.

बाईंचा नवरा गीतेक माकुळाच्या लाँचवर इंजिनवाला होता. शिकलेली मुलगी खलाशाच्या घरात पडली म्हणून गावाने तेव्हा नाकं मुरडली होती. मूलबाळ झालं नाही, त्यावरही मुरडली. गीतेकला कशाचंच काही वाटत नसे. पाच-सहा दिवसांनी लाँच यायची, माल उतरवून इंजिन पुसून तो चढण चढून घरी येई तेव्हा संध्याकाळ झालेली असे आणि आत शिकवणी चालू. अंगाला माकुळाचा वास, पायात ओले रबरी बूट. मग तो फाटकाशीच थांबायचा. वर्ग सुटेपर्यंत तिथेच उभा, आतले काळ ऐकत. पोरं बाहेर पडली की म्हणायचा, "काय रे, कुणाचं बोट हवेत राहिलं आज?"

जेवायला बसला की मात्र उठायचं नाव नाही. एकेक घास चघळत बसायचा. आई वैतागायची.

"अरे, लाँच सुटेल! जेवतोयस की जाळं विणतोयस?"

"समुद्रावर उभ्यानं गिळतो, आई. घरी तरी बसून जेवू दे."

एकदा तो यंगदकहून पीचचं रोप घेऊन आला आणि अंगणात, फाटकाच्या अगदी लगत लावलं. हुपोकरणीने कपाळावर हात मारला. पीचला भुतंखेतं भितात, म्हणून तर श्राद्धाच्या ताटात पीच ठेवत नाहीत. अंगणात पीच असला की स्वतःच्या पितरांनाही उंबरा ओलांडता येत नाही.

"तुझा बाप यायचा कसा रे जेवायला?"

"श्राद्धाला बाबा थोरल्या दादाकडे उल्सानला जेवतात की. आणि तसंही, मेल्यावर तरी त्यांना पथ्य पाळू दे."

झाड राहिलं. तिसऱ्या वर्षी फळं धरली आणि ती सर्वांत जास्त हुपोकरणीनेच खाल्ली.

बावीस वर्षांपूर्वी, शरदात, 'सुसोंग' नावाची ती लाँच सात माणसं घेऊन गेली. तिसऱ्या संध्याकाळी वायरलेसवर बोलणं झालं. हवा बिघडतेय, म्हणाले. त्यानंतर काही नाही. एकोणीस दिवस शोध चालला. हाती लागलं ते लाँचवरचा एक केशरी बोया आणि माकुळं खेचायचा एक मोठा दिवा, आश्चर्य म्हणजे न फुटलेला. लाँच तिसऱ्या रात्री गेली, चौथ्या दिवशी गेली की पाचव्या, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

मेल्याचा दिवस ठाऊक नसेल तर आमच्याकडे नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीला त्याचं श्राद्धाचं ताट मांडतात. बंदरात असे पुष्कळ. तिसऱ्या वर्षी सहा घरांनी नवमी धरली. तेव्हापासून दर नवमीला सकाळपासून सगळ्या आळीत तिळाच्या तेलाचा आणि धिरड्यांचा वास सुटतो. फक्त बाईंच्या घरातून सुटत नसे. समोर राहणारी चुनसिम, सुसोंग चालवणाऱ्या तांडेलाची विधवा, दर वर्षी विचारायची आणि बाई दर वर्षी एकच उत्तर द्यायच्या.

"मला दिवस ठाऊक नाही. ज्याला दिवस नाही ते संपलेलं नसतं."

"हे इंग्रजीत असेल बाई. आम्ही आपली अडाणी माणसं, रडून मोकळी झालो."

घरात मात्र त्यावरून कधी वाद नव्हता, कारण हुपोकरीणही थांबलेलीच होती. ती रोज संध्याकाळी पितळेच्या झाकणाच्या वाटीत भात भरायची आणि खालून तापवलेल्या जमिनीच्या उबदार भागावर, गोधडीखाली ठेवायची. घरातलं जे माणूस बाहेर आहे त्याचा भात असा उबेला ठेवतात. सकाळी तोच भात बाई पाणी घालून, शिळ्या मुळ्याच्या किमचीशी खात आणि भांडं घासून ठेवत. बावीस वर्षं नवऱ्याच्या वाटणीचा भात त्यांनी खाल्ला.

आणि फाटकाचं तर पहिल्याच वर्षापासून सुरू झालं होतं. शरद लागला की वर्ग चालू असताना चढणीवरून रबरी बुटांचा चपचप आवाज येई. फाटकाशी येऊन थांबे. पुढे काही नाही. पोरंही ऐकत. नवीन पोरगं म्हणायचं, "बाई, कुणीतरी आलंय," आणि जुनी पोरं त्याला कोपराने ढोसायची. बाई हातातला खडू ठेवून बाहेर जात. कुणी नसे. बाहेरची दगडी पायरी ओली दिसे, पण समुद्राकाठी कोरडं काय असतं?

बाईंना भीती वाटत नसे. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला होता आणि तो कुणालाही सांगितला नव्हता. पीच आहे तोवर भूत फाटक ओलांडू शकत नाही. म्हणजे एक ना एक दिवस त्या बुटांचा आवाज अंगणात आला, तर आत येणारा माणूस जिवंतच असणार. आणि तोवर तो फाटकाशी थांबतोय ते वर्ग चालू आहे म्हणून. त्याची सवयच ती. म्हणून बाई झाडाला जपत. खत घालत, कीड काढत, थंडीत बुंध्याला पेंढा बांधत. पोरांना वाटे, बाईंना पीच फार आवडतात.

या वर्षी नवमीला सहा दिवस असताना, वर्ग सुटल्यावर बाईंनी सवयीने गोधडीखाली हात घातला. जमीन गरम होती. वाटी नव्हती.

"आई, वाटी कुठंय?"

"धुऊन पालथी घातली."

"भात भरायला विसरलात?"

"विसरायला मी काय तुझ्या वर्गातली आहे? नाही ठेवली." म्हातारी भिंतीला टेकून लसूण सोलत होती, डोळ्यांची गरज नसल्यासारखी. "ती वाटी जिवंत माणसासाठी असते, सूनबाई."

बाईंनी रिकामी गोधडी पुन्हा नीट केली.

"तो फाटकाशी येतो ते तुलाही ऐकू येतं नि मलाही येतं," म्हातारी म्हणाली. "डोळे गेलेत माझे, कान नाही."

"वर्ग चालू असतो म्हणून थांबतो तो. तुम्हांला ठाऊक आहे."

"आणि रविवारी? रविवारी कुठला वर्ग असतो गं? रविवारीही उभा असतो. कुठला पोरगा बावीस वर्षं स्वतःच्या फाटकाशी उपाशी उभा राहील? जिवंत असता तर लाथेनं फाटक उघडून आला असता नि म्हणाला असता, आई, वाढ. त्याला झाडानं अडवलंय. आणि झाड कुणी राखलंय?"

बाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. म्हणजे म्हातारीला तो हिशेब ठाऊक होता. कधीपासून, कोण जाणे.

"या नवमीला त्याचं ताट मांड," म्हातारी म्हणाली.

"कुठल्या तारखेच्या जोरावर? तो गेला ती तारीख दाखवा मला!"

"भुकेला तारीख लागत नाही, मास्तरीणबाई. पुढच्या नवमीला मी असायची नाही. मग त्याला 'आत ये' म्हणणारं कोण उरतं? तू तर म्हणणार नाहीस."

"तुम्हांला त्याला मारून टाकायची घाई झालीय."

बोलून गेल्यावर बाईंना जीभ चावावीशी वाटली. हुपोकरणीने लसणाची पाकळी ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

"मी त्याची आई आहे," ती म्हणाली. एवढंच.

त्या रात्री बाईंनी स्वतःच वाटी भरली आणि गोधडीखाली ठेवली. सकाळी पाणी घालून भात समोर घेतला, पण या वेळी बाईंनी तो न खाता तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरावाचा कागद होता. दहा वाक्यं, बाईंनी लग्नाच्या वर्षी स्वतः रचलेली. तेव्हापासून त्याच कागदाच्या प्रती निघत होत्या. सहावं झालं. बाई म्हणाल्या, "आता आठवं."

बोराम नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, पोस्टातल्या कारकुनाची लेक. तिने हात वर केला. "बाई, सातवं राहिलं."

"ते सोडा."

"माझे बाबा म्हणत होते, त्यांच्या वेळेलाही सोडलं होतं. परीक्षेत तेच आलं तर?"

पोरं हसली. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. सातवं वाक्य त्यांनी नव्या नवरीच्या खोडसाळपणात लिहिलं होतं. माझा नवरा समुद्रावर गेला आहे. त्या वेळी गीतेक फाटकाशी उभा राहून हे वाक्य ऐकायचा आणि बाहेरून ओरडायचा, "आला आहे!" अख्खा वर्ग लोळायचा.

बाईंनी वाक्य मोठ्याने वाचलं. सवयीने त्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि बोट वर केलं.

"कुठे ठेवायचं?"

"हवेत," बोराम म्हणाली. "कधी गेला ते दिलेलंच नाही. गेला आहे आणि अजून आलेला नाही, एवढंच कळतं."

बाई तशाच उभ्या राहिल्या. बोट हवेत, दंड दुखायला लागला तरी तसंच. त्यांना एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं. बावीस वर्षं हात वर धरून उभं राहिल्यावर माणूस दमणारच.

तेवढ्यात चढणीवर बूट वाजले. चपचप. फाटकाशी थांबले.

बाई बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी खिडकी उघडली आणि इतक्या वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते केलं. हाक मारली.

"आत ये. वर्ग राहू दे आज. आत ये तू."

फाटकाची कडी हलली. सगळ्यांनी ऐकली. एकदा हलली, पुन्हा हलली, जशी आतून अडकलेलं दार उघडताना हलते. फाटकाला कुलूप नव्हतं. ते कधीच नसायचं. पीचची एक फांदी कडीवर वाकलेली होती आणि वारा नसताना तिची पिवळी पानं थरथरत होती. मग कडी थांबली. बूट एक पाऊल मागे सरकले आणि तिथेच राहिले. वाट पाहत.

बोरामने शेजारणीचा हात घट्ट धरला होता. बाईंना भीती वाटत होतीच, पण तिच्याहून मोठी शरम होती. तो यायला बघत होता. बावीस वर्षं यायला बघत होता, आणि त्यांनी झाडाला खत घातलं होतं.

"सुटी," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराने जा."

चुनसिमकडे करवत होती. बाई दारात दिसल्या तेव्हा ती किमचीसाठी कोबीला मीठ चोळत होती.

"करवत? तुला? खडू सोडून कधी काही धरलंयस हातात?"

"पीच पाडायचाय."

चुनसिमने हात धुतले. पुढे एक चकार शब्द न काढता ती करवत घेऊन निघाली; आणि चुनसिम गप्प बसली हे आळीने पुढे महिनाभर एकमेकांना सांगितलं. दोघी बायकांनी दोन दिवस घालवले. हुपोकरीण ओसरीवर बसून आवाज ऐकत होती.

"एक काटकीसुद्धा अंगणात ठेवू नका गं. भुसा झाडा. भुसासुद्धा." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "गोड होते पण मेल्याचे पीच."

नवमीच्या सकाळी पहिल्यांदाच बाईंच्या घरातून तेलाचा वास सुटला. पोरांची मेजं जोडून ताट मांडलं. भात, सूप, सुकवलेला मासा, नासपती, धिरडी, उकडलेलं माकूळ. लसूण नाही, तिखट नाही; पितरांना ती चालत नाहीत. फोटो म्हणून इंजिनवाल्याच्या परवान्यावरचा, कान बाहेर आलेला. कागदावर निमंत्रण लिहायचं असतं, ते वाचून जाळतात. ते बाईंनीच लिहायला घेतलं. वर्ष, महिना, आणि मग तिथीशी पेन अडलं.

तो गेला ती तिथी ही नव्हतीच. खोटी तारीख आयुष्यात कुणाला लिहू दिली नव्हती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, उठल्या आणि नवमीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग बसून लिहिलं: तू कोणत्या दिवशी गेलास ते आम्हांला ठाऊक नाही. आज नवमीला आम्ही तुला घरी बोलावलं.

चुनसिमने फाटक सताड उघडून दगड लावला. घराचं दारही उघडलं. बाईंनी तांदळाची दारू ओतली, निमंत्रण वाचलं, डोकं टेकलं. हुपोकरीण आई, तिने पोरापुढे डोकं टेकायचं नसतं. ती नुसती बसून होती, मान फाटकाकडे वळवून.

चढणीवर बूट वाजले. फाटकाशी आले. या वेळी थांबले नाहीत. अंगणात, जिथे झाड होतं तिथून, ओसरीपर्यंत. ओसरीशी एक, मग दुसरा, बूट काढून ठेवल्याचा आवाज.

चुनसिमने तोंडावर पदर धरावा तसा कामाचा टॉवेल धरला. बाईंनी रीतीप्रमाणे भातात चमचा उभा खोवला. बावीस वर्षांचा त्यांचा हिशेब त्या आवाजाने संपवला होता. जिवंत माणसाचे बूट ओसरीवर दिसले असते. ओसरीवर काही नव्हतं. फळी तेवढी ओली होती.

पितर जेवत असताना खोलीत कुणी थांबायचं नसतं. बाहेर यायचं, दार लावून घ्यायचं, नऊ घास खाऊन होतील इतका वेळ थांबायचं, मग तीनदा खोकून आत जायचं आणि ताट उचलायचं. तिघी बाहेर आल्या. बाईंनी दार लावलं. म्हातारीला धरून ओसरीवर बसवलं.

हुपोकरीण बोटांवर घास मोजू लागली. आतून आवाज येत होता की नव्हता, ते तिघींनी पुढेही कधी एकमेकींना विचारलं नाही.

"सात," म्हातारी म्हणाली. "आठ." जरा थांबून, "नऊ."

चुनसिमने बाईंकडे पाहिलं. खोकायचं घरच्या बाईने. बाईंनी तोंड उघडलं, पण खोकला आला नाही. दाराकडे पाहत त्या तशाच बसून राहिल्या, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्योंगजा," चुनसिम हळूच म्हणाली, "नऊ झाले. खोक."

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "त्याला जेवायला वेळ लागतो."

हुपोकरणीने मान हलवली. बोटं मिटली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.